आर्ट थेरपी शिकायचीय? नुसतं चित्र चांगलं येऊन भागत नाही

आर्ट थेरपी म्हणजे चित्रं, वस्तू बनवून घेत केलेला मानसिक उपचार. अमेरिकेत आर्ट थेरपिस्ट व्हायचं तर मास्टर्स लागतंच, नुसत्या ग्रॅज्युएशनवर कुणी पेशंट हातात देत नाही. अ‍ॅडमिशनच्या आधी स्टुडिओ आर्टचे 18 आणि सायकॉलॉजीचे 12 क्रेडिट साधारण मागतात, आणि कोर्समध्ये किमान 700 तास सुपरव्हिजनखाली प्रत्यक्ष काम. म्हणजे पेंटिंग झकास येतं पण समोरचा रडायला लागला की हातपाय गळतात, अशांनी जरा विचार करूनच यावं.

शिकवतात काय, तर मटेरियल माणसावर काय करतं हे. 1978 मध्ये केगिन आणि लुसेब्रिंक यांनी मांडलेली एक चौकट आहे, त्यात ओला वॉटरकलर किंवा फिंगर पेंट म्हणजे वाहणारं मटेरियल, त्याने भावना पटकन वर येतात, आणि पेन्सिल, कोलाज म्हणजे आपल्या ताब्यात राहणारं. आधीच घाबरलेल्या मुलापुढे ओला कागद आणि रंगाचे डबे ठेवले तर ते अजून बिथरू शकतं, त्याला कात्री, गोंद आणि जुनी मासिकं द्यायची. मला तर सगळ्या सिलॅबसमध्ये हाच भाग भारी वाटतो.

आता हे चालतं का? 2016 मध्ये ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीत गिरिजा कैमल यांच्या टीमने 39 जणांना 45 मिनिटं काहीही बनवायला दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजलं, सुमारे 75 टक्के लोकांचं कमी झालं, चित्रकलेचा अनुभव असो नसो. छान, पण तुलनेला दुसरा ग्रुपच नव्हता. उलट ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या 417 पेशंटवर मोठी ट्रायल झाली, 2012 मध्ये रिझल्ट आला, ग्रुप आर्ट थेरपीने विशेष फरक पडला नाही, अर्थात बरेच जण सेशनला फिरकलेच नव्हते. त्यामुळे 'कला सगळं बरं करते' असं कुणी म्हणालं की मी तिथून सटकतो.

काम मिळतं ते कॅन्सर वॉर्ड, मानसोपचार विभाग, स्पेशल स्कूल, जेल, डिमेन्शियाचे वृद्धाश्रम अशा ठिकाणी. अमेरिकेतल्या वॉल्टर रीड या लष्करी हॉस्पिटलात युद्धातून परतलेले, मेंदूला मार बसलेले सैनिक मास्क बनवतात, तोंडाने सांगता येत नाही ते मास्कवर येतं.

ब्रिटनमध्ये आर्ट थेरपिस्ट हे नाव कायद्याने सुरक्षित आहे, एचसीपीसी या तिथल्या आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे रजिस्टर न होता लावता येत नाही. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन लागतं, तशी ह्याची व्यवस्था अजून नीट बसलेली नाही, त्यामुळे दोन दिवसांच्या वर्कशॉपवालेही बोर्ड लावून बसतात. इथेच काम करायचं असेल तर सायकॉलॉजीची भक्कम डिग्री आधी घ्या. अमेरिकेला जाणार असाल तर राज्य बघून कॉलेज निवडा, न्यू यॉर्क, न्यू मेक्सिकोत ह्या कामासाठी वेगळं लायसन्स मिळतं, बऱ्याच ठिकाणी मात्र काउन्सेलरचंच काढावं लागतं, आणि मग कोर्स त्यात बसतो का हे फी भरायच्या आधी विचारून घ्या.