अहिंसक ड्रग गुन्ह्यासाठी जन्मठेप (अमेरिका)

कोणाला मारलं नाही, धमकावलं नाही, फक्त ड्रग्ज जवळ बाळगले किंवा विकले किंवा विकणाऱ्यांच्या साखळीत कुठेतरी होता, एवढ्यावरून मरेपर्यंत तुरुंगात राहायची शिक्षा. आपल्याकडे जन्मठेप म्हटलं की लोक 'चौदा वर्षं' असं धरून चालतात (ते चूकच आहे, गोपाळ गोडसे खटल्यात 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, सूट द्यायची की नाही ते सरकारने ठरवायचं). इथे विषय आहे तो मुख्यतः पॅरोल नसलेल्या जन्मठेपेचा. आणि तिकडचा पॅरोल म्हणजे आपल्यासारखी घरच्या लग्नाला मिळणारी काही दिवसांची रजा नव्हे, उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेर राहून काढायची परवानगी. ती नाही म्हणजे दारच बंद.

ही शिक्षा नक्की कुठून आली यावर एकमत नाही. काही अभ्यासक थेट 1951 च्या बॉग्ज कायद्यापर्यंत मागे जातात, कारण ड्रग्जसाठी सक्तीची किमान शिक्षा तिथून रुजली, आणि 1956 च्या कायद्यात तर अल्पवयीन मुलाला हेरॉइन विकणाऱ्या प्रौढाला फाशीपर्यंतची तरतूद होती. पण 1970 मध्ये काँग्रेसने (तिकडच्या संसदेने) यातल्या बहुतेक सक्तीच्या शिक्षा काढून टाकल्या, म्हणजे धागा तुटला, त्यामुळे आजच्या पद्धतीची सुरुवात 1973 च्या न्यूयॉर्कमधून धरणं जास्त पटतं. त्या वर्षी जानेवारीत गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी ड्रग्ज विकणाऱ्या सगळ्यांना पॅरोलशिवाय जन्मठेप द्या अशी मागणी केली, मे महिन्यात जो कायदा झाला तो थोडा मऊ होता: हेरॉइनसारखा माल एक औंस (सुमारे 28 ग्रॅम) विकला किंवा दोन औंस जवळ सापडला तर किमान 15 वर्षं ते जन्मठेप. त्यांच्या डोक्यात हे कुणी भरवलं यावरही वाद. जपानमध्ये विक्रेत्यांना जन्मठेप होते असं एका ओळखीच्याकडून ऐकून त्यांनी ते उचललं अशी एक हकिकत सांगतात, दुसरे म्हणतात राष्ट्राध्यक्ष व्हायचं होतं म्हणून कडक दिसायचं होतं, आणि तिसरं मत असं की न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातले कृष्णवर्णीय रहिवासी आणि ओबेरिया डेम्प्सीसारखे पाद्री स्वतःच कडक कायदा मागत होते, त्यांच्या गल्ल्या हेरॉइनने पोखरल्या होत्या. तिसऱ्या मताला पुरावा आहे, पण त्या लोकांनी दवाखाने, शाळा आणि नोकऱ्याही मागितल्या होत्या आणि मिळाला तो फक्त तुरुंग, हे सोबत सांगितलं नाही तर चित्र अर्धंच राहतं.

मिशिगनचा 1978 चा कायदा याहून कठोर. 650 ग्रॅम किंवा जास्त कोकेन वा हेरॉइन म्हणजे पॅरोलशिवाय जन्मठेप, पहिलाच गुन्हा असला तरी, न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नाही. तुरुंगात या कैद्यांना 'सिक्स-फिफ्टी लायफर' म्हणायचे. हार्मेलिन खटला याच कायद्यातला: 672 ग्रॅम कोकेन, आधी एकही मोठा गुन्हा नाही. 1991 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 ने शिक्षा कायम ठेवली, पण त्या पाचांचंही एकमत नव्हतं. न्यायमूर्ती स्कालिया म्हणाले की गुन्ह्याच्या मानाने शिक्षा हवी असा नियम घटनेच्या आठव्या दुरुस्तीत नाहीच. न्यायमूर्ती केनेडी म्हणाले नियम आहे पण अगदीच ढोबळ विसंगतीसाठी, आणि इतकं कोकेन समाजाला घातकच. पुढे वजन केनेडींच्या मताला आलं. गंमत म्हणून नाही, पण लक्षात ठेवावं असं: पुढच्याच वर्षी मिशिगनच्या वरच्या कोर्टाने नुसतं जवळ बाळगण्यासाठी ही शिक्षा मिशिगनच्या स्वतःच्या घटनेत बसत नाही असं ठरवलं, आणि त्यामागचं एक कारण म्हणजे देशाच्या घटनेत 'क्रूर आणि असाधारण' शिक्षेला बंदी आहे, मिशिगनच्या घटनेत 'क्रूर किंवा असाधारण'. एका शब्दावर माणसांची आयुष्यं फिरली. 1998 मध्ये कायदा सैल झाला. 1978 च्या मूळ कायद्यावर सही करणारे गव्हर्नर मिलिकन यांनी नंतर ही आपली मोठी चूक होती असं उघडपणे मान्य केलं.

केंद्रीय पातळीवर 1984 च्या कायद्याने पॅरोल गेला (नोव्हेंबर 1987 नंतरच्या गुन्ह्यांना), 1986 ला ग्रॅमवर आधारलेल्या किमान शिक्षा आल्या, 5 ग्रॅम क्रॅकला (कोकेनचाच ओढायचा खडा) जी शिक्षा तीच 500 ग्रॅम कोकेन पावडरला होती, आणि 1988 ला मोठ्या वजनासोबत आधीचे दोन ड्रग गुन्हे असतील तर सक्तीची जन्मठेप. जुने गुन्हे कोर्टापुढे मांडायचे की नाही ते सरकारी वकील ठरवतो, म्हणजे गुन्हा कबूल केला तर दहा वर्षं, खटला लढवला तर जन्म, असं होऊ शकायचं. कटात सामील ठरलं की टोळीच्या मालाचं वजनही अंगावर येतं. आणि नावं सांगून सूट मिळते, त्यामुळे वरच्यांकडे सांगायला असतं, तळातल्या निरोप्याकडे काहीच नसतं. वजनही शुद्ध मालाचं नाही: 1991 च्या चॅपमन खटल्यात 50 मिलिग्रॅम एलएसडी (भास घडवणारं नशेचं रसायन) ज्या कागदावर होतं त्या कागदासकट 5.7 ग्रॅम धरलं गेलं.

अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने 2013 मध्ये मोजलं तेव्हा अहिंसक गुन्ह्यांसाठी पॅरोलशिवाय जन्मठेप भोगणारे 3,278 जण निघाले, त्यातले सुमारे 79 टक्के ड्रग्जमुळे, आणि एकूणात 65 टक्के कृष्णवर्णीय. 'अहिंसक' शब्दावर आक्षेप घेणारे म्हणतात धंदाच हिंसक आहे. असेल, पण शिक्षा माणसाला होते, धंद्याला नाही.

सुटका बहुतेक दयेनेच. ओबामांनी एकूण 1,715 जणांच्या शिक्षा कमी केल्या, त्यात कित्येक जन्मठेपा. अ‍ॅलिस मेरी जॉन्सन पहिल्याच गुन्ह्यात जन्मठेप भोगत होत्या, त्या 21 वर्षांनी, 2018 ला ट्रम्प यांच्या आदेशाने बाहेर आल्या. त्याच वर्षीच्या फर्स्ट स्टेप कायद्याने तिसऱ्या गुन्ह्याची सक्तीची जन्मठेप 25 वर्षांवर आणली, पण ज्यांची शिक्षा आधीच ठरलेली त्यांना हा बदल लागू नाही.

भारतात एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा (1985) जन्मठेप देत नाही, व्यापारी प्रमाणासाठी 10 ते 20 वर्षं आहेत, म्हणजे चरस 1 किलो, गांजा 20 किलो, हेरॉइन 250 ग्रॅम याहून जास्त असेल तर. दुसऱ्यांदा सापडला तर काही बाबतीत सक्तीची फाशी होती, ती मुंबई हायकोर्टाने 2011 मध्ये घटनाबाह्य ठरवून ऐच्छिक केली. वजनाचा प्रश्न मात्र इकडेही तसाच: 2008 ला सुप्रीम कोर्टाने फक्त शुद्ध मालाचं वजन धरा म्हटलं होतं, 2020 च्या हिरा सिंग निकालात ते फिरवलं, आता भेसळीसकट सगळं तराजूत जातं.