शस्त्रक्रियेनंतरचा टॅटू: स्तनाग्राच्या पुनर्रचनेची पार्श्वभूमी

स्तनाच्या कर्करोगामुळे संपूर्ण स्तन काढावा लागला आणि पुढे तो रुग्णाच्याच पोटाच्या किंवा पाठीच्या ऊतींपासून, अथवा सिलिकॉनच्या इम्प्लांटने पुन्हा घडवला, तरी त्या नव्या उंचवट्यावर स्तनाग्र आणि त्याभोवतीचे गडद स्तनमंडल बहुधा नसते. ही उणीव सुईने त्वचेत रंगद्रव्य भरून दूर करतात, आणि या कामाला आता वैद्यकीय टॅटू म्हणतात. भुवया किंवा ओठ रंगवण्याच्या कामांच्या यादीत त्याचे नाव दिसत असल्याने ही हौसेची, ऐच्छिक गोष्ट आहे असा समज सहज होतो. तिचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. ही पद्धत शस्त्रक्रियागृहातच, शल्यचिकित्सकांच्या अडचणींतून जन्माला आली, आणि तिला उपचार मानायचे की शृंगार, हा घोळही त्याच इतिहासातून आला आहे.

अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८२ मध्ये पहिल्यांदा केलेली आणि १८९४ मध्ये ५० रुग्णांच्या अनुभवासह प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया हा या इतिहासाचा आरंभ मानावा लागतो. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील लसीका ग्रंथी (लिम्फ नोड) असे सगळे एकत्र काढून टाकण्याची ही पद्धत होती. त्या काळी गाठी मोठ्या होऊन, कधी फुटून मगच स्त्रिया डॉक्टरांपर्यंत पोहोचत, आणि त्याच जागी रोग पुन्हा उद्भवणे ही नित्याची गोष्ट होती. त्यामुळे जितके अधिक कापावे तितका धोका कमी, ही धारणा समजण्यासारखी आहे. जखम बुजवण्यासाठी इतर ठिकाणची त्वचा व ऊती फिरवून आणण्याला हॉल्स्टेड यांचा विरोध होता. इटलीत इजिनिओ तान्सिनी यांनी १९०६ मध्येच पाठीचा स्नायू त्वचेसह पुढे आणून छाती झाकण्याची पद्धत मांडली होती, पण हॉल्स्टेड यांच्या प्रभावापुढे ती मागे पडली आणि १९७० च्या दशकात जवळजवळ नव्याने शोधावी लागली.

पाऊण शतकाच्या या काळात शस्त्रक्रियेनंतरच्या शरीराचे काय, हा प्रश्न वैद्यकशास्त्राने फारसा विचारलाच नाही. तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढायचा, तो कर्करोगाचा निघाल्यास रुग्ण भुलेखाली असतानाच स्तन काढून टाकायचा, असा अमेरिकेतील रिवाज होता. म्हणजे झोपताना स्त्रीला माहीत नसे की उठल्यावर काय उरलेले असेल. रोझ कुशनर या पत्रकार व रुग्ण स्त्रीने १९७० च्या दशकात या रिवाजाविरुद्ध चिकाटीने लिहिले, आणि १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने तपासणी आणि शस्त्रक्रिया हे दोन टप्पे वेगळे ठेवण्याची शिफारस केली. १९८१ मध्ये मिलानच्या उंबेर्तो व्हेरोनेझी यांनी ७०१ स्त्रियांवरील चाचणीतून, तर १९८५ मध्ये बर्नार्ड फिशर यांनी अमेरिकेतील मोठ्या चाचणीतून दाखवून दिले, की लहान गाठींच्या बाबतीत स्तन राखून केलेली शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची किरणोपचाराची जोड यांनीही आयुर्मान तितकेच राहते. माझ्या मते या सगळ्या कथेतील निर्णायक वळण हेच आहे. जगण्याची शक्यता कापण्याच्या प्रमाणावर अवलंबून नाही हे आकड्यांनी सिद्ध झाल्यावरच, जे उरते आणि जे पुन्हा घडवता येते त्याकडे गंभीरपणे पाहण्याला प्रतिष्ठा मिळाली.

पुनर्रचनेची साधने तोवर तयार होत होतीच. ह्यूस्टन येथे १९६२ मध्ये थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांनी सिलिकॉनचे पहिले इम्प्लांट बसवले. १९८२ मध्ये कार्ल हार्ट्रम्फ यांनी पोटाच्या खालच्या भागातील त्वचा, चरबी आणि स्नायू यांपासून स्तन घडवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. स्तनाग्राचे कोडे मात्र सुटत नव्हते. १९४९ मध्ये विल्यम अ‍ॅडम्स यांनी योनीओष्ठाच्या त्वचेचे कलम लावण्याचा मार्ग सांगितला होता, कारण ती त्वचा मुळातच गडद असते. पुढे मांडीच्या आतल्या बाजूची त्वचा वापरली गेली, आणि दुसऱ्या बाजूचे स्तनाग्र पुरेसे मोठे असल्यास त्याचा काही भाग काढून इकडे लावण्याचाही प्रघात पडला. या प्रत्येक उपायात आधीच जखमी झालेल्या शरीरावर आणखी एक जखम करावी लागे, तीही नाजूक जागी, आणि इतके करून लावलेल्या त्वचेचा रंग पुढे गडद होईल की फिका पडेल याची खात्री देता येत नसे.

टॅटूची गरज नेमकी या ठिकाणी निर्माण झाली. वैद्यकात सुईने रंग भरणे तेव्हाही नवे नव्हते. पांढऱ्या पडलेल्या बुबुळावर काळी शाई भरण्याची पद्धत पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ लुई द वेकर यांनी १८७० च्या सुमारास रूढ केली होती, आणि एडिसनच्या विजेच्या लेखणीच्या तत्त्वावर न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायली यांनी १८९१ मध्ये टॅटूच्या विद्युत यंत्राचे पेटंट घेतले होते. स्तनमंडलासाठी त्वचेत रंगद्रव्य भरण्याची कल्पना थॉमस रीस यांनी १९७५ मध्ये शोधनिबंधातून मांडली. १९८६ मध्ये हिल्टन बेकर यांनी, आणि १९८९ मध्ये वॉशिंग्टनच्या स्कॉट स्पिअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, पुनर्रचनेचा अखेरचा टप्पा म्हणून तिचे वर्णन केले. नव्या स्तनावरच्याच त्वचेचे लहान पदर उचलून, दुमडून उंचवटा करायचा आणि रंग टॅटूने द्यायचा, अशी जोडी त्या दशकात जमली. अंगावर दुसरीकडे कुठेही काप न घेता, फार तर जागा बधिर करून, बाह्यरुग्ण विभागात हे काम उरकत असे; इतर उपायांच्या तुलनेत हा दिलासा मोठा होता.

तरीही शल्यचिकित्सकांनी केलेले सुरुवातीचे टॅटू पुष्कळदा सपाट, एकरंगी चकतीसारखे दिसत. रंगद्रव्याचे कण बाह्यत्वचेखालील अंतःत्वचेत राहावे लागतात; तिथे रोगप्रतिकारक पेशी त्यांना गिळून धरून ठेवतात आणि म्हणून टॅटू टिकतो. ते वरच्या थरात राहिले तर त्वचेबरोबर झडून जातात, फार खोल गेले तर पसरून धूसर होतात. निरोगी त्वचेवरही ही खोली साधायला सराव लागतो. शस्त्रक्रियेचा व्रण कठीण असतो, किरणोपचार झालेली त्वचा पातळ आणि नाजूक असते, आणि या दोन्हींवर रंग असमान धरतो. शिवाय हा रंग वरच्या त्वचेतील मेलॅनिन या नैसर्गिक रंगद्रव्याच्या थरातून दिसत असल्याने एकच मिश्रण गोऱ्या आणि सावळ्या अंगावर निरनिराळे भासते. शस्त्रक्रियेच्या शिक्षणात हे कसब शिकवले जात नव्हते. ते टॅटूच्या दुकानांत होते.

गेल्या पंचवीस वर्षांत हे काम त्या दुकानांकडे सरकले ते याच कारणाने. अमेरिकेत मेरिलँड राज्यातील व्हिनी मायर्स हे टॅटूकार या बदलाचे सर्वांत परिचित नाव आहे. छाया आणि प्रकाशाच्या मेळातून सपाट त्वचेवर उंचवट्याचा आभास निर्माण करण्याची, स्तनमंडलावरचे बारीक ग्रंथींचे ठिपके आणि त्याची अस्पष्ट कडा रंगवण्याची शैली त्यांनी लोकप्रिय केली. तिचा परिणाम केवळ देखणेपणापुरता राहिला नाही. शस्त्रक्रियेने केलेले स्तनाग्र काही काळाने बसून सपाट होते हा जुना अनुभव होताच. आता अनेक स्त्रिया ती शस्त्रक्रिया टाळून फक्त टॅटू निवडू लागल्या.

याच्या शेजारून दुसरा एक प्रवाह वाहत आला आहे, आणि त्याला कमी लेखू नये. १९७० च्या दशकात अमेरिकन कवयित्री डीना मेट्झगर यांनी मास्टेक्टॉमीच्या, म्हणजे स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या, व्रणावर फांदीची आकृती गोंदवून घेतली आणि हेला हॅमिड यांच्या कॅमेऱ्यासमोर हात पसरून उभ्या राहिल्या. पुनर्रचना नको असलेल्या, किंवा ती शक्य नसलेल्या स्त्रियांसाठी ते छायाचित्र फार मोलाचे ठरले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ब्रुकलिन येथे टॅटूकारांनी एकत्र येऊन मास्टेक्टॉमी झालेल्या स्त्रियांना विनामूल्य टॅटू करून दिले. त्या उपक्रमाने हाच धागा पुढे नेला. गमावलेल्या अवयवाची हुबेहूब प्रतिमा असो की व्रणावर उमललेले फूल, निवड त्या व्यक्तीची आहे. स्तनाचा कर्करोग झालेले पुरुष, तसेच छातीची शस्त्रक्रिया करून घेणारे ट्रान्स पुरुष यांनाही स्तनमंडलाचा टॅटू तितकाच उपयोगी पडतो.

पैशाच्या बाजूने पाहता, अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने मास्टेक्टॉमीचा खर्च देणाऱ्या विमा योजनांना पुनर्रचनेच्या सर्व टप्प्यांचा खर्च देणे बंधनकारक केले. परंतु दुकानातील टॅटूकार हा वैद्यकीय सेवा देणारा गणला जात नसल्याने त्याचे बिल मंजूर करून घेताना स्त्रियांना झगडावे लागते. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेतील प्रशिक्षित परिचारिका रुग्णालयातच हे काम करतात, आणि मला तो मार्ग अधिक न्याय्य वाटतो.

आपल्याकडे सुई आणि रंग परके नाहीत. कपाळावर, हातांवर तुळशीवृंदावन किंवा ठिपके गोंदवून घेतलेल्या आज्या महाराष्ट्रातील कोणत्याही कर्करोग रुग्णालयाच्या रांगेत भेटतात. किरणोपचाराचा झोत रोज नेमक्या जागी पडावा म्हणून अनेक केंद्रांत त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे कायमचे ठिपके गोंदतात. तेव्हा उपचाराचा भाग म्हणून टॅटू रुग्णालयात केव्हाच आलेला आहे. स्तनाचा कर्करोग हा भारतीय स्त्रियांमधील सर्वाधिक आढळणारा कर्करोग असून, २०२२ मध्ये देशात त्याचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असल्याचा जागतिक कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियेचा खर्च वगळला आहे, मात्र अपघात, भाजणे आणि कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला त्यातून सूट आहे. या सवलतीत स्तनाग्राच्या टॅटूचा स्पष्ट शब्दांत समावेश व्हायला हवा.

त्याबरोबर देखरेखही हवी. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतील हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या आहेत. टॅटूचे कण लसीका वाहिन्यांतून काखेतील ग्रंथींत पोहोचतात, आणि मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीत, ते कॅल्शियमच्या कणांसारखे दिसून शंका निर्माण करू शकतात. म्हणून जखमा पूर्ण भरल्यावर, काही महिने थांबून, उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीने टॅटू करून घ्यावा, आणि पुढच्या प्रत्येक तपासणीच्या वेळी त्याची नोंद क्ष-किरणतज्ज्ञाला द्यावी.