मन्रो सिद्धांत

मन्रो सिद्धांत : अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणातील एक मूलभूत भूमिका. राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो (1758–1831) यांनी 2 डिसेंबर 1823 रोजी काँग्रेसला (अमेरिकी विधिमंडळाला) पाठविलेल्या सातव्या वार्षिक संदेशात ती मांडली. यूरोपीय सत्तांनी अमेरिका खंडांत यापुढे नव्या वसाहती करू नयेत, स्वतंत्र झालेल्या राज्यांवर आपली राज्यपद्धती लादू नये आणि अमेरिकाही यूरोपच्या आपसांतील युद्धांत पडणार नाही, असा तिचा आशय. ही विधाने मूळ संदेशात सलग नाहीत. वसाहतबंदीचे कलम आरंभी रशियाशी चाललेल्या वाटाघाटींच्या ओघात येते, तर हस्तक्षेपाविषयीचा इशारा अखेरीस. मधली जागा आरमार, टपालखाते अशा घरगुती बाबींनी व्यापली आहे. ‘सिद्धांत’ हे नाव तर सुमारे 1850 नंतरच रूढ झाले.

सिद्धांताचे जनकत्व वादग्रस्त आहे. रशियाचा झार पहिला अलेक्झांडर याने 1821 च्या हुकुमाने उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर 51 उत्तर अक्षांशापर्यंत हक्क सांगितला होता. त्याला उत्तर म्हणून वसाहतबंदीचे तत्त्व परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी जुलै 1823 मध्येच रशियन राजनैतिक प्रतिनिधीला ऐकविले होते. तेव्हा हा भाग त्यांचा, याविषयी फारसा मतभेद नाही. वाद आहे तो दुसऱ्या भागाविषयी. स्पेनच्या बंडखोर वसाहती परत जिंकून देण्यास फ्रान्स व पवित्र संघातील (रशिया, ऑस्ट्रिया, प्रशिया यांच्या युतीतील) सत्ता पुढे येतील या शंकेने ब्रिटिश परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग यांनी ऑगस्ट 1823 मध्ये लंडनमधील अमेरिकी राजनैतिक प्रतिनिधी रिचर्ड रश यांच्यापुढे संयुक्त घोषणेचा प्रस्ताव ठेवला. जेफर्सन व मॅडिसन या माजी राष्ट्राध्यक्षांचा कल तो स्वीकारण्याकडे होता. ब्रिटिश युद्धनौकेच्या मागोमाग होडीसारखे जाण्यापेक्षा आपले म्हणणे उघडपणे मांडावे, असा आग्रह ॲडम्स यांनी नोव्हेंबरमधील मंत्रिमंडळाच्या बैठकीत धरला. यावरून काही अभ्यासक सारे श्रेय त्यांना देतात. तथापि ते म्हणणे राजनैतिक खलित्यांऐवजी जाहीर संदेशातून मांडण्याचा निर्णय मन्रो यांचा होता, हे लक्षात घेता श्रेय विभागून देणे अधिक सयुक्तिक वाटते. गंमत अशी की, बळाने हस्तक्षेप करण्याचा विचार नसल्याचे आश्वासन कॅनिंग यांनी फ्रेंच राजदूत पोलिन्याक यांच्याकडून ऑक्टोबरमध्येच मिळविले होते. वॉशिंग्टनला त्याची खबर नव्हती.

हा इशारा अंमलात आणण्याइतके आरमार अमेरिकेजवळ नव्हते; प्रत्यक्ष आधार ब्रिटिश आरमाराचा होता. 1833 मध्ये ब्रिटनने फॉकलंड बेटे घेतली, तेव्हा सिद्धांताचा उच्चारही झाला नाही. 1845 मध्ये राष्ट्राध्यक्ष पोक यांनी त्याला उजाळा दिला. 1860 च्या दशकात मेक्सिकोत घुसलेले फ्रेंच सैन्य काढून घेण्यासाठी दबाव आणतानाही परराष्ट्रमंत्री सूअर्ड यांनी त्याचे नाव घेणे टाळले.

सिद्धांताचा अर्थ पालटला तो थिओडोर रूझवेल्ट यांच्या 1904 च्या उपसिद्धांताने. कर्जबुडव्या वा अराजकग्रस्त लॅटिन अमेरिकी राज्यांत ‘आंतरराष्ट्रीय पोलिसा’चे काम अमेरिका करील, असे त्यांनी म्हटले आणि 1905 मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या जकातवसुलीचा ताबा अमेरिकेने घेतला. यूरोपचा हस्तक्षेप थोपविणारे सूत्र अशा रीतीने अमेरिकेच्याच हस्तक्षेपाचे समर्थन ठरले. 1930 मध्ये प्रसिद्ध झालेल्या परराष्ट्र खात्याच्या क्लार्क टिपणाने हा उपसिद्धांत मूळ सिद्धांतात बसत नसल्याचे दाखविले.

पुढे ट्रूमन (1947), आयझनहौअर (1957), निक्सन (1969) व कार्टर (1980) यांच्या धोरणांनाही ‘सिद्धांत’ म्हणण्याचा प्रघात पडला. त्यांचे क्षेत्र मात्र अमेरिका खंडांबाहेरचे होते. मन्रो सिद्धांताचे युग संपल्याचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांनी 2013 मध्ये सांगितले. 2019 मध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांनी तो जिवंत असल्याचे जाहीर केले.