पेरूची फोड आणि भाकरीतले लोह

थंडी पडू लागली की हातगाड्यांवर पेरूंचे ढीग दिसतात आणि त्याच सुमारास घरोघरी ‘पेरू खाऊ नकोस, सर्दी होईल’ ही ताकीदही सुरू होते. सर्दी विषाणूंमुळे होते. तिचे दिवस आणि पेरूचा हंगाम एकाच वेळी येतात, एवढाच काय तो पेरूचा अपराध. डेंग्यूच्या रुग्णासाठी महागडी किवी नेणाऱ्यांना तर ठाऊकही नसते की, शंभर ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलिग्रॅम, म्हणजे हिरव्या किवीच्या सुमारे दुप्पट, क जीवनसत्त्व असते.

या जीवनसत्त्वाची खरी करामत मला जेवणाच्या ताटात दिसते. भाकरी, डाळी आणि पालेभाज्यांतील लोह बहुतांशी फेरिक, म्हणजे तीन धनभारांच्या रूपात असते. जठरातील आम्लात ते विरघळते. परंतु लहान आतड्याच्या सुरुवातीला आम्लता उतरताच त्याचा काही भाग धान्यातील फायटेट धरून ठेवते आणि काही न विरघळणाऱ्या साक्याच्या रूपात वाया जातो. शिवाय आतड्याच्या पेशीत लोह नेणाऱ्या वाहक प्रथिनाला दोन धनभारांचे फेरस लोहच चालते. क जीवनसत्त्व फेरिकला एक इलेक्ट्रॉन देऊन त्याचे फेरस करते, आणि जठरातच लोहाशी संयोग पावून आम्लता उतरल्यावरही त्याला विरघळलेले ठेवते. हे सारे घडण्यासाठी दोघे एकाच वेळी पोटात असावे लागतात. दुपारच्या भाकरीला संध्याकाळचा पेरू कामाचा नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी किशोरवयीनांना भाताच्या जेवणासोबत पेरू दिला, तेव्हा लोहाचे शोषण सुमारे दुप्पट झाले. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. प्रत्येक रक्तक्षय लोहाअभावीच होतो असे नाही आणि पेरू हे काही औषध नव्हे. पण ज्यांच्या ताटात लोहाचा मुख्य स्रोत धान्य आणि डाळीच आहेत, त्यांच्यासाठी ही दुप्पट किरकोळ नाही.

आपल्याकडचा ‘लखनौ ४९’ ऊर्फ सरदार पेरू नावाने लखनौचा असला, तरी १९२७ साली त्याची निवड झाली ती पुण्याच्या गणेशखिंडीत. तो सालीसकट, कच्चाच खावा. भाजी केल्यास उष्णतेने क जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होतो. तिखटमीठ लावलेली फोड जेवतानाच पानात असावी आणि जेवणानंतरचा चहा तासभर तरी लांबवावा, कारण त्यातील टॅनिन हेच लोह पुन्हा बांधून ठेवते.