पाऱ्याचं कारंजं

थर्मामीटर फुटला की पारा कुणाच्या पोटात तर जाणार नाही, याचीच सगळ्यांना धास्ती. पण धातुरूपातला पारा पोटातून जवळजवळ शोषलाच जात नाही. श्वासातून गेलेल्या वाफेतला मात्र सुमारे ८० टक्के पारा शरीरात राहतो.

अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरचं कारंजं अशाच उघड्या पाऱ्याचं होतं. १९३७ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात, स्पेनच्या प्रजासत्ताकाच्या दालनात, पिकासोच्या 'गेर्निका' या चित्राजवळ ते वाहत होतं. पारा स्पेनमधल्या आल्मादेनच्या खाणीतला. स्पेनमध्ये यादवी पेटलेली आणि प्रजासत्ताकाविरुद्ध उठलेल्या फ्रँकोच्या सैन्याचा या खाणींवर डोळा, म्हणून हा धातू निवडला गेला. लोक त्यात नाणी टाकत आणि ती तरंगत, कारण पारा पाण्याच्या १३.६ पट जड.

पण धातू असूनही पारा का वाहतो? पाऱ्याच्या अणुकेंद्रात ८० प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीने सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेग गाठतात. सापेक्षतेच्या नियमांनुसार इतक्या वेगात त्यांची कक्षा आक्रसते, आणि तसाच परिणाम सर्वांत बाहेरच्या ६एस कक्षेवरही होतो. तिथले दोन इलेक्ट्रॉन केंद्राशी असे जखडले जातात की शेजारच्या अणूंशी पक्का बंध होतच नाही. म्हणून पारा उणे ३९ अंशांपर्यंत द्रव राहतो, आणि म्हणूनच एकेक अणू सुटून हवेत जातो. विद्युतभार नसलेला हा सुटा अणू फुप्फुसाचं पटल सहज ओलांडून रक्तात आणि तिथून मेंदूत शिरतो. पेशीतलं कॅटलेज हे विकर (एन्झाइम) त्याला आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, बनवतं. भारित झाल्यावर त्याला परतीची वाट अवघड होते आणि तो प्रथिनांतल्या गंधकाला चिकटून बसतो. कारंज्याची झळाळती धार आणि तिच्यातलं विष, दोन्हींचं मूळ त्या जखडलेल्या इलेक्ट्रॉनांत आहे!

याच चंचल धातूला शतकानुशतकं अमरत्वाचं औषध मानलं गेलं. 'शुद्ध पारा बाधत नाही' असं सांगणारे आजही भेटतात. वाफ शुद्ध पाऱ्याचीही होते.

उलट बाजूची अतिशयोक्तीही नको, की कलाकाराचा प्रत्येक आजार त्याच्या साहित्यामुळेच. पॉलिएस्टर रेझिनमध्ये काम करणारी शिल्पकार इव्हा हेस १९७० साली, ३४व्या वर्षी, मेंदूतल्या गाठीने गेली. दोष रेझिनला देणाऱ्या कथा पुष्कळ आहेत, पण तसं सिद्ध झालेलं नाही.

काल्डरचं कारंजं आता बार्सिलोनाच्या मिरो फाउंडेशनमध्ये काचेआड आहे. प्रेक्षकांना असं जपणं योग्यच. पण प्रजासत्ताकाच्या लढ्याचं प्रतीक झालेल्या या पाऱ्यासाठी आल्मादेनमध्ये पूर्वी कैदी आणि गुलाम खाणीत उतरवले जात, आणि पाऱ्याच्या वाफेने खाणकामगारांचे हात थरथरत. माझ्या मते या शिल्पाच्या अर्थात तेही येतं.