कृत्या

कृत्या : दुसऱ्याचे वाईट व्हावे म्हणून मंत्रून वापरलेली बाहुली, तसेच त्या अभिचारातून (दुसऱ्याचे अहित करण्यासाठीच्या मंत्रप्रयोगातून) उत्पन्न होणारी मारक शक्ती. हा शब्द ‘कृ’ (करणे) या धातूपासून आला असून मराठीतील ‘करणी’ही त्याच धातूची आहे.

कृत्या म्हणजे बाहुलीच काय, याविषयी मतभेद आहेत. ऋग्वेदातील विवाहसूक्तात (१०·८५) ती वधूच्या डागाळलेल्या वस्त्राला चिकटलेली, पाय फुटून पतीत शिरणारी बाधा आहे. तेथे पुतळीचा मागमूस नाही. अमेरिकन संस्कृतज्ञ ब्लूमफील्ड यांनी १८९७ च्या इंग्रजी भाषांतरात अथर्ववेदातील कृत्येलाही मंत्रप्रयोगाचाच अर्थ दिला. तथापि अथर्ववेदाचे (सामान्यतः इ. स. पू. सु. १०००) ३२ मंत्रांचे सूक्त (१०·१) वाचताना तो अपुरा पडतो. वरातीला नवरी सजवावी तशी जाणत्यांनी घडवलेली ही कृत्या ‘हस्तकृता’ आहे. तिला डोके, नाक, कान आहेत, अंगाला तेल माखलेले आहे, सांधे रथाच्या सांध्यांसारखे जुळवलेले आहेत. सूक्तकर्ता तिची मान आणि पाय तोडण्याची धमकी देतो. नुसत्या मंत्राला एवढे अवयव कुठून येणार? निदान या सूक्तापुरती ती बाहुलीच मानणे सयुक्तिक वाटते.

ती यज्ञातील दर्भांत, स्मशानात किंवा शेतात पुरत. अशा पुरलेल्या अभिचाराला ‘वलग’ म्हणत. असुरांनी पुरलेले वलग देवांना हातभर खोलीवर सापडले, म्हणून सोमयागातील (सोमरस अर्पण करण्याच्या यज्ञातील) ‘उपरव’ हे खड्डे तेवढेच खोल खणावेत, असे तैत्तिरीय संहिता (६·२·११) सांगते. उतारा म्हणजे कृत्या उलटवणे : ‘मुलगी बापाला ओळखते, तशी तू आपल्या कर्त्याला ओळख’ असे सांगून तिला माघारी धाडतात. हे अथर्ववेदातील वरील सूक्तातील सर्वांत हृद्य वचन होय.

पुराणांत कृत्या राक्षसी होते. दुर्वास ऋषीने जटेतून निर्मून विष्णुभक्त राजा अंबरीषावर सोडलेली कृत्या प्रसिद्ध आहे.

महाराष्ट्रात उंबऱ्याशी टाचण्या टोचलेली बाहुली सापडली, की करणीची शंका घेतात. बांधकामावर किंवा ट्रकला टांगलेली काळी बाहुली मात्र दृष्ट लागू नये म्हणून असते. अथर्ववेदात कर्ता राजा, शूद्र, स्त्री, ब्राह्मण असा कोणीही असू शकतो. गावात संशय बहुधा एकट्यादुकट्या बाईवर जातो आणि तिचे हाल होतात. एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिला छळणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे.