प्लेसी खटला आणि रेल्वेचा वेगळा डबा

प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन हा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातला १८९६ चा खटला, गोऱ्या-काळ्यांना वेगवेगळं बसवणं घटनेत बसतं असं ह्याच निकालाने ठरवलं आणि दक्षिणेतल्या राज्यांना रान मोकळं मिळालं. लुइझियानाने १८९० मध्ये कायदा केला होता की रेल्वेत दोघांचे डबे 'समान पण वेगळे' हवेत, दुसऱ्यांच्या डब्यात हट्टाने बसलात तर २५ डॉलर दंड नाहीतर २० दिवसांपर्यंत कैद. न्यू ऑर्लिन्सच्या नागरिक समितीने ठरवून हा कायदा मोडायला होमर प्लेसीला पुढे केलं. हा बूट बनवणारा कारागीर, आठ पणजोबा-पणज्यांपैकी एकच काळं, दिसायला गोराच, ७ जून १८९२ ला फर्स्ट क्लासचं तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि अटक करवून घेतली.

खरी मेख कायद्यातल्या एका अपवादात आहे. दुसऱ्या वंशाची मुलं सांभाळणाऱ्या आयांना त्यात सूट होती, म्हणजे मांडीवर गोरं मूल असेल तर काळी बाई त्या डब्यात चालते, तीच स्वतःचं तिकीट काढून आली तर चालत नाही.

प्लेसीचा वकील अल्बियन टूर्जे हा गाजलेला कादंबरीकार, आधी नॉर्थ कॅरोलिनात जज असताना कु क्लक्स क्लॅन ह्या काळ्यांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त टोळीचा हैदोस जवळून बघितलेला. त्याने कोर्टापुढे मांडलं की न्यायदेवता आंधळी दाखवतात ना, मग तिच्या लेकीला, कायद्याला, निदान रंग तरी दिसू नये. निकाल ७ विरुद्ध १ गेला. न्या. ब्राउन म्हणाले, ह्यात कमीपणा वाटत असेल तर तो अर्थ काळ्यांनीच लावून घेतलाय, आणि हे वाक्य आजही वाचताना चीड येते. एकटे न्या. हार्लन विरोधात गेले, एकेकाळी स्वतः गुलाम बाळगलेला हा माणूस, पण आपली घटना रंग बघत नाही असं त्यांनी ठणकावून लिहिलं.

कोर्टाने जे बघायचं टाळलं ते कादंबरीकार चार्ल्स चेसनटने १९०१ च्या 'द मॅरो ऑफ ट्रॅडिशन' ह्या कादंबरीत थेट डब्यात नेऊन दाखवलं. डॉ. मिलर ह्या काळ्या डॉक्टरला व्हर्जिनियात कंडक्टर उठवतो, शेजारी बसलेले त्याचे गोरे गुरुजी भांडतात तरी काही उपयोग होत नाही. मग एक गोरा काळ्यांच्या डब्यात येऊन आरामात सिगार ओढतो, त्याला मात्र हलवायची कंडक्टरची छाती होत नाही, आणि पुढच्या एका स्टेशनवर काळी आया मालकिणीसोबत गोऱ्यांच्या डब्यात बसते, तिला कोणी हटकत नाही.

शाळांपुरतं हे 'समान पण वेगळे' तत्त्व १९५४ मध्ये ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन खटल्यात मोडीत निघालं. प्लेसीने १८९७ मध्ये गुन्हा कबूल करून २५ डॉलर भरले होते, लुइझियानाच्या गव्हर्नरांनी त्याला माफी दिली ती २०२२ मध्ये.